घडणावळ आणि मोड

आमच्या देवस्थानाकडे एक लहानसा शिक्षणनिधी आहे. एका दानशूर महाजनाने फार पूर्वी ठेवलेल्या रकमेच्या व्याजातून दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य द्यावयाचे, असा त्याचा संकेत. एरवी या निधीविषयी समितीत वाद होत नाही. वैद्यक, वकिली, हिशेबनिसी, संगणक अशा विद्यांचे नाव घेतले की साऱ्यांना सारे समजते आणि ठराव संमत होतो. गेल्या वर्षी मात्र एक अर्ज असा आला की ज्यावर दोन बैठका खर्ची पडल्या. अर्जदार आमच्याच महाजन-कुळांपैकी एका घरातील मुलगी. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेतलेली. इंग्लंडमधील एका विद्यापीठात तिला एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि अर्जात विषयाचे नाव तिने असे लिहिले होते : ‘शाश्वत पदार्थ आणि उत्पादन अभियांत्रिकी’.

समितीतील सर्वांत वडीलधारे सदस्य हे निवृत्त संस्कृत शिक्षक. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पदार्थ तेवढा नश्वर, शाश्वत ते एक ब्रह्म. मग शाश्वत पदार्थ ही काय भानगड आहे?” सभेत हशा पिकला. गुरुजी स्वतः हसले नाहीत. “हें देवाचें काम न्हय,” असे कोकणीतून म्हणून त्यांनी कागद पुढे सरकविला. कारखान्याची विद्या कारखानदाराने आपल्या पैशाने शिकवावी, देवाच्या पैशाने का, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

हा आक्षेप शब्दच्छलाचा नव्हता, हे आम्हांस तेव्हाच जाणवले. त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला होता. देवाचा पैसा ज्या कामाला लावावयाचा ते काम धर्माचे असले पाहिजे, याविषयी मतभेद नाही. मग वस्तू कशापासून करावी आणि कशी करावी हा धर्माचा प्रश्न आहे, की केवळ सोयीचा आणि नफ्याचा? आणि तो धर्माचा असेल तर वस्तू घडविणाऱ्याचे त्या वस्तूविषयीचे कर्तव्य नेमके कोठे संपते? ती विकली गेली म्हणजे? मोडली म्हणजे? की त्याच्याही पुढे?

मुलीला बैठकीत बोलाविले होते. अध्यक्ष म्हणाले, “बाय, तूच गुरुजींना समजावून सांग.” तिने व्याख्यान दिले नाही. तिने उलट विचारले, “गुरुजी, गर्भकुडीतल्या जुन्या समया गळू लागल्या तेव्हा तुम्ही त्यांचे काय केलेत?” गुरुजी म्हणाले, “काय करणार? मोडीला घातल्या. कासाराने वजन केले, मोड वजा केली, घडणावळ घेतली आणि नव्या दिल्या.” ती म्हणाली, “आणि आता सभामंडपाच्या स्लॅबला तडे गेले आहेत. तो स्लॅब मोडीला घालता येईल का?”

सभा एकदम गप्प झाली. त्या शांततेचे एक कारण आम्हांस इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. ते पुढे येईलच.

मोड हा शब्द आमच्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नाही. पितळेचा हंडा, तांब्याचा बंब, काशाची वाटी, सोन्याची पाटली, या वस्तूंच्या किमतीत पूर्वापार दोन भाग असत : एक धातूचा आणि दुसरा घडणावळीचा. घडणावळ ही कारागिराच्या श्रमाची किंमत, ती एकदा दिली की गेली. धातूची किंमत मात्र वस्तू जुनी झाली तरी तिच्यात शिल्लक राही. घेणाऱ्यालाही हे माहीत असे आणि घडविणाऱ्यालाही. म्हणजेच, आपण आज घडवीत असलेली वस्तू केव्हा तरी फुटून आपल्याच, नाही तर आपल्या मुलाच्या भट्टीत परत येणार आहे, ही जाणीव ठेवून कासार हातोडा उचलीत असे. धातूत भलते मिसळले तर त्याचा त्रास परक्याला नव्हे, आपल्याच वंशाला होणार होता.

येथे एक सावधगिरीची सूचना आम्ही स्वतःलाच देऊ इच्छितो. जुने ते सारे पवित्र, असे म्हणण्याचा मोह आमच्यासारख्या देवळात वावरणाऱ्या माणसांना फार लवकर होतो. कासार धातू वाया जाऊ देत नसे याचे पहिले कारण धर्म नव्हे. धातू महाग होता, हे होय. त्याच काळात चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि कोळशासाठी डोंगर उघडे झाले, त्यांची मोड कोणी मोजली नाही. तेव्हा पूर्वजांचे आचरण निर्दोष होते असे नव्हे, तर एका ठराविक व्यवहारात त्यांनी वस्तूच्या अंताचा विचार तिच्या आरंभीच केला होता, एवढेच आपण म्हणू शकतो. पण एवढे म्हणणेही थोडे नाही.

पूजाविधीत तर हा विचार स्पष्टच आहे. चतुर्थीला आपण जी मूर्ती आणतो तिला पार्थिव म्हणतात, म्हणजे पृथ्वीची, मातीची. आवाहन होते, प्राणप्रतिष्ठा होते, आणि तितक्याच विधिपूर्वक उत्तरपूजा होऊन विसर्जन होते. माती पाण्यात विरते. ज्याला आवाहन आहे त्याला विसर्जनही आहे, आणि दोन्ही मिळूनच पूजा पुरी होते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीने या क्रमात बाधा आणली ती काही सौंदर्याच्या बाबतीत नव्हे. ते प्लॅस्टर पाण्यात सहजी विरत नाही, मूर्तीवरील रंगांतील विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात, आणि विसर्जन झाले असे आपण म्हणतो तेव्हा ते झालेलेच नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये आपल्या सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्ती करू नयेत असे सांगितले, ते याच कारणाने. गुरुजींच्या आक्षेपाला येथेच अर्धे उत्तर मिळते. पदार्थ नश्वर आहे हे खरे. आजचा उपद्रव असा की नश्वर म्हणून घडविलेल्या कित्येक वस्तू नाश पावावयास तयार नाहीत. दहा मिनिटांच्या उपयोगासाठी केलेली पिशवी शेकडो वर्षे उरते. ‘शाश्वत’ हा शब्द मुलीने चुकीचा निवडला असेल. कोणी ‘धारणाक्षम’ म्हणतात, तो आम्हांस अधिक रुचतो, कारण ज्या धातूपासून ‘धर्म’ शब्द निघाला त्याच धातूपासून ‘धारणा’ निघाला आहे. वस्तूने अमर व्हावे असा या विद्येचा आग्रह नाही. घडविण्याचा व्यवहार पुढच्यांनाही चालविता यावा, एवढाच तिचा आग्रह आहे.

मग त्या एका वर्षात ही मुलगी शिकणार तरी काय? आम्ही अभियंते नाही. पण अर्जासोबतचा अभ्यासक्रम आम्ही वाचला, तिला प्रश्न विचारले आणि एका वकिलाला समजावे तितके समजून घेतले. पहिला भाग पदार्थांचा. प्रत्येक पदार्थ जन्माला येताना काय मागतो, याचा हा हिशेब. उदाहरणार्थ, खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करण्यास जितकी ऊर्जा लागते तिच्या अवघ्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. म्हणजे ॲल्युमिनियमचे जुने पातेले ही नुसती धातूची नव्हे, साठविलेल्या विजेचीही मोड आहे. सिमेंटची गोष्ट उलट. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला तर छप्पन्न किलो चुना हाती लागतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. भट्टी कितीही स्वच्छ केली तरी दगडातून निघणारा हा वायू चुकत नाही. माणसाच्या उद्योगांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातील सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे.

हे ऐकून हात जोडून बसावे असेही नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रसंस्था, क्यूबातील एक विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली, मुंबई, मद्रास येथील आय.आय.टी. यांच्या संशोधकांनी मिळून असे सिमेंट सिद्ध केले आहे की ज्यात भाजलेल्या चुनखडकाच्या क्लिंकरचा भाग जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याची जागा भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक घेतात. क्लिंकरला सुमारे चौदाशे पन्नास अंश उष्णता लागते, मातीला आठशे अंशांच्या आसपास पुरते. कार्बन डायऑक्साइड चाळीस टक्क्यांपर्यंत घटतो. २०२३ मध्ये भारतीय मानक संस्थेने या सिमेंटचे मानकही प्रसिद्ध केले. मातीला भट्टीत घालणे ही कुंभाराची विद्या. ती प्रयोगशाळेत जाऊन मानक होऊन परत आली, याचे आम्हांस मोठे समाधान वाटले.

दुसरा भाग घडणीचा, आणि नैतिक दृष्ट्या आम्हांस तो अधिक महत्त्वाचा वाटतो. आजच्या कित्येक वस्तूंना मोड का नाही? पदार्थ वाईट म्हणून नव्हे, तर ते एकमेकांत अशा रीतीने गुंतविले जातात की पुन्हा सोडविता येत नाहीत म्हणून. फरसाणाची चकचकीत पुडी घ्या. तिच्यात प्लॅस्टिकचे निरनिराळे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अति पातळ लेप असतो. प्रत्येक थर एकटा असता तर परत वापरता आला असता. चिकटविलेले थर कोणाच्याच कामाचे नाहीत. पवनचक्कीची पाती काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांची असतात. ही राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. वारा फुकट, पण पात्याचे काय करावे हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षांनी पुढे उभा राहतो. पोलादाचेही तसेच. मोडीत काढलेल्या मोटारीबरोबर तिच्या तारांतील तांबे भट्टीत गेले तर वितळलेल्या पोलादातून ते परवडेल अशा रीतीने बाहेर काढता येत नाही आणि पोलादाची प्रत उतरते. कासाराला जे कळत होते ते मोटारीच्या कारखान्याला कळत नव्हते असे नाही. मोटारीची मोड त्याच्या दारी येणार नव्हती, हाच काय तो फरक.

तिसरा भाग हिशेबाचा. यात वस्तूच्या साऱ्या आयुष्याचा जमाखर्च मांडतात : खाणीपासून कारखान्यापर्यंत, वापरापासून विल्हेवाटीपर्यंत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे. हे ऐकताना आम्ही सावध झालो तो एका शब्दापाशी. असा हिशेब मांडण्यापूर्वी अभ्यासकाला प्रथम सीमा ठरवावी लागते : कोठून मोजावयास आरंभ करावयाचा आणि कोठे थांबावयाचे. मुलगी सहज म्हणाली, “वकीलकाका, सगळे भांडण त्या सीमेवरच असते.”

तिने उदाहरण दिले ते आमच्या समितीला झोंबणारे होते. आम्ही उत्सवात प्लॅस्टिक पिशव्या बंद करून प्रसादासाठी कापडी पिशव्या वाटल्या आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की हवामानावरील परिणामापुरते बोलावयाचे तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करण्यास सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. कापसाला पाणी लागते, खत लागते, सूत आणि वीण लागते. मग प्लॅस्टिक पिशवी श्रेष्ठ ठरली काय? तसेही नाही. गटारात, नदीत, गाईच्या पोटात जाणाऱ्या पिशवीचा उपद्रव त्या अभ्यासाच्या सीमेत धरलेलाच नव्हता. आकडा खोटा नाही आणि पुरताही नाही. १३१ हा आकडा कापडी पिशवी फेकून द्या असे सांगत नाही; आमच्या भाविकांनी घरी नेलेली पिशवी वर्षानुवर्षे वापरावी, आणि आम्ही दर उत्सवाला नवी वाटू नये, असे तो सांगतो. सीमा कोठे आखली यावर निष्कर्ष फिरतो. म्हणून सीमा आखणे हे गणिताचे काम नव्हे, ते सदसद्विवेकाचे काम आहे. मी कोणाच्या दुःखापर्यंत मोजीत जाणार आणि कोठे डोळे मिटणार, असा तो प्रश्न आहे.

आणि येथेच आम्हांस आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. सन २००७ मध्ये, आमच्या वकिलीच्या पहिल्या वर्षांत, आमच्या देवळाचा जुना सभामंडप पाडण्याचे ठरले. जांभ्याच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कौले, असा तो होता. वासे किडले होते. दुरुस्ती खर्चाची होती. आणि खरे सांगावयाचे तर शेजारच्या देवळाने स्लॅब घातला होता. ठेकेदाराशी करावयाचा करार आम्ही लिहिला. त्यात काम पुरे झाल्यापासून एक वर्षापर्यंत आढळणाऱ्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर ठेवली आणि त्यानंतर तो मोकळा, असे कलम घातले. ते कलम घालताना आम्हांस चूक केल्यासारखे वाटले नाही. सर्वत्र तसेच घालतात. करारभंगाच्या दाव्याला कायदाही साधारणतः तीनच वर्षे देतो. जुने सागवान एका व्यापाऱ्याने उचलून नेले. ते कोठे गेले हे कोणी विचारले नाही. त्याची मोड मिळाली, ती मात्र आम्ही जमेला धरली.

काँक्रीटचा आतील क्षारधर्म लोखंडी सळईला गंजापासून राखतो. पण समुद्राचे खारे वारे, पावसाळी दमट हवा आणि सळईवर पुरेसे जाड नसलेले काँक्रीट असे एकत्र आले की मीठ आत झिरपते, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. आमच्या मंडपात हेच झाले. आज त्या स्लॅबखाली टेकू आहेत आणि आरतीच्या वेळी मुलांना एका बाजूला उभे करतात. ठेकेदाराला दोष द्यावा तर त्याने कराराप्रमाणे काम केले. समितीला द्यावा तर तिने वकिलाचा सल्ला घेतला होता. कर्तव्याची सीमा एक वर्षावर आखणारा हात आमचा होता. मुलीने स्लॅबची मोड विचारली तेव्हा सभा का गप्प झाली, हे वाचकांच्या आता ध्यानात येईल. जुना मंडप दीडशे वर्षे टिकला होता, असे जाणते सांगत. त्याचे सागवान तरीही विकले गेले. नवा वीस वर्षेही धड उभा राहिला नाही, आणि पाडला तर त्याच्या ढिगाऱ्याला घेणारा नाही.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलाच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९३२ मध्ये एका स्कॉटिश बाईच्या खटल्यात असे ठरविले की बाटलीबंद पेय करणाऱ्याचे कर्तव्य दुकानदारापाशी संपत नाही; ज्याच्याशी त्याचा कोणताही करार झालेला नाही अशा पिणाऱ्यापर्यंत ते पोचते. आपल्या कृतीचा ज्यांना उपसर्ग पोचेल हे समजण्यासारखे आहे ते सारे कायद्याने आपले शेजारी, हे त्या निवाड्याचे सार. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांनी तर वेष्टन बाजारात आणणाऱ्यालाच ते परत गोळा करण्याच्या व्यवस्थेला जबाबदार धरले. शेजार असा हळूहळू वाढत आला आहे. परंतु हा शेजार बहुतांशी स्थळातील आहे. काळातील शेजाऱ्याचे काय? जो अद्याप जन्मला नाही तो फिर्याद घेऊन येऊ शकत नाही.

आमच्या देवालयांच्या कायद्याला मात्र अशा मुक्या अशिलाची ओळख फार जुनी आहे. देव हा कायद्याने व्यक्ती आहे, मिळकतीचा धनी आहे. पण तो स्वतः बोलत नाही, सही करीत नाही. म्हणून न्यायालयांनी त्याला अज्ञान बालकाची उपमा दिली. १८५६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बालकाच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाविषयी जो नियम घातला, की निकड असेल किंवा मिळकतीचे हित होत असेल तरच त्याने ती गहाण टाकावी, तोच १८७५ मध्ये देवाच्या सेवेकऱ्यालाही लागू केला. उपमा ही उपमाच. मुदतीच्या कायद्यापुरती ती चालत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. पण तिच्यातील नीती चुकलेली नाही. जो बोलू शकत नाही त्याची मिळकत हाती असलेल्या माणसाने अधिक काटेकोर असावे, कारण त्याची चूक दाखविणारा कोणी समोर नाही.

हीच नीती भूमीच्या पोटातील धातूला लावून पाहावी. गोव्यातील वाचकांना खाणींची गोष्ट सांगावयास नको. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम कायमच्या निधीत टाकावयास सांगितले. भावी पिढ्यांचा त्या खनिजातील वाटा हे त्याचे कारण. आम्ही तो निकाल वाचला तेव्हा आम्हांस देवस्थानाच्या हिशेबवहीची आठवण झाली. मुद्दल खाऊन टाकू नये, हा प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक असलेला नियम न्यायालयाने डोंगराला लावला होता. परंतु न्यायालय येते ते डोंगर खणल्यानंतर. खनिजाचे पोलाद किती लागेल, एक तुळई निम्म्या वजनात होईल की नाही, ती खिळे-बोल्टांनी जोडून पुढे सोडविता येईल की वितळजोडाने कायमची जखडावी लागेल, हे ठरते ते आराखड्याच्या कागदावर, कोणत्याही खटल्याच्या कित्येक वर्षे आधी. त्या कागदाशी बसणारा माणूस विश्वस्त असतो. फक्त त्याला कोणी तसे सांगितलेले नसते. हे त्याला सांगणारी विद्या म्हणून आम्ही या अभ्यासक्रमाकडे पाहतो.

दुसऱ्या बैठकीत गुरुजींनी आपला आक्षेप अधिक धारदार करून मांडला, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. ते म्हणाले, “रोग पदार्थात नाही, तृष्णेत आहे. तुम्ही हलकी तुळई करायला शिकवाल, तर लोक दोन मजले अधिक चढवतील. विद्या तृष्णेची दासी होईल.” गुरुजींनी हे अर्थशास्त्र वाचून म्हटले नव्हते, पण १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रज पंडिताने आपल्या देशाच्या कोळशाविषयी हेच लिहिले होते. वाफेची यंत्रे थोड्या कोळशात अधिक काम करू लागली तसा कोळशाचा खप कमी न होता वाढला, हे त्याने दाखविले. तेव्हा अभियंत्यांनी काटकसर शिकली म्हणजे जग काटकसरी होईल, असे आम्ही म्हणणार नाही. संयमाची जागा कोणतेही सिमेंट घेणार नाही.

तथापि गुरुजींच्या सिद्धान्तात एक पळवाट आहे, आणि आम्हां धर्मशील म्हणविणाऱ्यांच्या ती फार सोयीची आहे. दोष तृष्णेचा आहे असे म्हटले की तो साऱ्या जगाचा होतो आणि कोणाचाच राहत नाही. आमचा स्लॅब तृष्णेने पडावयास आला काय? थोडीशी हौस होती हे खरे. पण समितीत लोभी कोणी नव्हते. साऱ्यांनी देवाचे काम म्हणून वर्गणी दिली, श्रम केले. हेतू शुद्ध होता आणि काम वाईट झाले. खाऱ्या वाऱ्यात सळईवर किती जाड काँक्रीट हवे हे विचारणारा आमच्यात कोणी नव्हता, आणि विचारावे असे कोणाला सुचले नाही. शुद्ध हेतू असलेल्या माणसाने न विचारलेला प्रश्न हादेखील दोषच आहे, असे आम्हांस आता वाटते. गीतेने कर्माच्या फलाची आसक्ती सोडावयास सांगितली. फलाचा विचार सोडावयास सांगितले नाही. अठराव्या अध्यायात तर परिणाम, हानी आणि हिंसा न पाहता मोहाने आरंभिलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. संयम अज्ञानाला पर्याय नाही, तसेच ज्ञान संयमाला पर्याय नाही. तृष्णेवर गुरुजींनी बोलावे आणि सळईवर या मुलीने. देवळाला दोघे हवेत.

आणखी एक भीती एका सदस्यांनी बोलून दाखविली : मुलगी शिकून एखाद्या मोठ्या कारखान्यात जाईल आणि जुन्याच मालावर हिरवी पाने छापून देईल. असे होऊ शकते. सीमा आपल्या सोयीने आखून सोज्ज्वळ आकडे काढणारे हिशेबनीस कोणत्याही धंद्यात मिळतात. आमच्या धंद्यात तर विशेषच. त्यावर करार लिहून उपाय होत नाही. कोणी सुचविले की तिने परत येऊन पाच वर्षे गोव्यातच काम करावे असे तिच्याकडून लिहून घ्या. मसुदा अर्थात आम्हीच करावयाचा होता. आम्ही नकार दिला. जिला आपण सीमेपलीकडे पाहावयास शिकण्यासाठी पाठवितो तिच्याभोवती पहिल्याच दिवशी आपण सीमा आखावी, हे आम्हांस विपरीत वाटले. पोलाद गोव्यातून जाते, जगभर फिरते आणि त्याचा धूर पुन्हा साऱ्यांच्याच आकाशात येतो. ती कोठेही बसून प्रामाणिक हिशेब मांडील तर तो आमच्याही खात्याचा असेल.

ठराव बहुमताने संमत झाला. गुरुजींनी विरुद्ध मत दिले आणि ते नोंदवून घ्यावयास लावले. त्याबद्दल आमचा त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. निघण्यापूर्वी मुलगी त्यांच्या पाया पडावयास गेली तेव्हा त्यांनी आपल्या खिशातून वेगळी रक्कम दिली. देवाच्या पैशाविषयी त्यांचे मत होते, मुलीविषयी नव्हते.

मंडपाच्या दुरुस्तीचा नवा करार आम्ही नुकताच लिहिला. या वेळी दोषदायित्वाचा काळ दहा वर्षांचा घातला आहे आणि त्यासाठी ठेकेदाराने भाव वाढवून मागितला तो समितीने मान्य केला. शिवाय एक कलम अधिक आहे : कोणता पदार्थ, किती, कोठे वापरला, सळईवर किती काँक्रीट आहे, आणि पुढे केव्हा उतरवावे लागले तर कोणता भाग कसा सोडवावा, याची यादी ठेकेदाराने सहीनिशी द्यावी व ती देवस्थानाच्या दप्तरात कायम राहावी. ठेकेदाराने विचारले, “ती वाचणार कोण?” आम्हांस त्याचे नाव सांगता आले नाही. यादी मात्र आम्ही मागून घेतली आहे.